अर्धी शक्ती

अमेरिकेत वैद्यकी शिकत असताना आनंदीबाई जोशी यांनी नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात एक अवघड हिशेब मांडला आहे. गोपाळरावांनी आपल्याला दिलेली वागणूक चांगली की वाईट? दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, नंतरच्या तऱ्हेतऱ्हेच्या शिक्षा, हे सगळं त्यांना नीट आठवतं. त्यांचं उत्तर असं, की ती वागणूक चांगलीही होती आणि वाईटही. शेवटी जे साधलं त्याच्याकडे पाहिलं तर ती योग्य ठरते. पण न्यायाने बोलायचं, तर लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम होऊ शकला असता हे पाहता ती चूकच म्हणावी लागते. विशीच्या आतबाहेरच्या बाईचं हे पत्र आहे, आणि त्यातली दोन्ही उत्तरं एकत्र धरून ठेवणं पुढच्या कितीतरी चरित्रकारांना जमलेलं नाही. एक जण म्हणतो, गोपाळराव असे हट्टी होते म्हणूनच पहिली डॉक्टरीण घडली. दुसरा त्यांना राक्षस ठरवून मोकळा होतो.

आपल्या काळाने यातलं पहिलं उत्तर उचललं आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये भरणारी कंपन्यांची प्रशिक्षणं, मोबाइलवर अखंड वाहणारी रील्स, करिअर मार्गदर्शनाची शिबिरं, सगळीकडे एकच उपदेश: कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा. पहाटे चारला उठा, बर्फाच्या पाण्यात बसा, जे नकोसं वाटतं ते आधी करा. त्रास झाला की समजायचं, आपण वाढतोय. या उपदेशात खरं बरंच आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे. माझं म्हणणं असं, की त्रास स्वतः कुणालाच वाढवत नाही. माणूस वाढतो तो त्रासातून सावरताना. आणि सावरायला पोटभर जेवण, वेळ, सोबत आणि थांबण्याचा हक्क लागतो. ज्यांच्याकडे हे सगळं असतं ते ज्यांच्याकडे नसतं त्यांना कष्टाचं महत्त्व सांगत असतात, ही या उपदेशातली खरी गोम.

आधी त्रासाच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू भक्कम आहे. हाड हे आपल्याला दगडासारखं निर्जीव वाटतं. प्रत्यक्षात ते रोज थोडं मोडत आणि थोडं बांधलं जात असतं. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने ते स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 साली मांडलं. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड भरतं. उलट अवकाशात, जिथे शरीराला स्वतःचं वजनही पेलावं लागत नाही, तिथे अंतराळवीरांच्या कमरेची आणि मांडीची हाडं महिन्याला साधारण एक टक्क्याने विरळ होतात. म्हणून ते तिथेही रोज दोनेक तास व्यायाम करतात. संपूर्ण आराम ही शरीराच्या दृष्टीने हळूहळू होणारी झीजच.

शिकण्याचंही असंच. रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञाने 1990च्या दशकात ‘हव्याशा अडचणी’ अशी कल्पना मांडली. धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटू लागतो आणि आपल्याला येतोय असा भास होतो. पुस्तक मिटून आठवायला बसलं की अडखळायला होतं, चिडचिड होते, काहीच येत नाही असं वाटतं. पण महिन्याभराने लक्षात राहतं ते अडखळत आठवलेलंच. आपल्याकडे तोंडचे पाढे म्हणून घेणाऱ्या जुन्या मास्तरांना यातलं काहीतरी ठाऊक होतं. फक्त छडी हा त्यातला आवश्यक भाग आहे, असा त्यांचा समज होता. 2022 साली केटलिन वुली आणि आयलेट फिशबाख यांनी शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ या उत्स्फूर्त नाट्याच्या संस्थेत एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना सांगितलं, आज तुम्हाला अवघडल्यासारखं वाटलं पाहिजे, तेच तुमचं काम. ही मुलं इतरांपेक्षा जास्त वेळ रंगमंचावर टिकली आणि जास्त धाडस करून गेली. लाज वाटणं हे चुकल्याचं लक्षण नसून काम चालू असल्याचं लक्षण आहे, एवढं कळल्यावर ती लाज सोसवली. मला हा प्रयोग आवडतो. पण तो वर्ग ठरल्या वेळी सुटत होता आणि समोर हसणारी माणसं सोबत शिकणारीच होती, हेही विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू. ज्या हाडाला भार घडवतो तेच हाड भाराने तडकतं. 1855 साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांबच लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांना सूज येऊन ते दुखतात, असं नोंदवलं. पुढे क्ष-किरण आल्यावर कळलं, की पावलांच्या हाडांना बारीक चिरा पडलेल्या असतात. पडलं-झडलं काही नाही, मार लागलेला नाही, नुसतं चालणं. भार तोच, हाड तेच. फक्त मोडलेलं बांधून होण्याआधी दुसरा दिवस उजाडलेला. व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या मुलाला वाटतं, आपले दंड वजन उचलताना फुगतात. ते भरतात रात्री, झोपेत, आणि तेही जेवण धड असेल तर.

हे आपल्याकडे जुनंच ज्ञान आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असं सांगितलं, पण त्याच्या अटी आपण वाचत नाही. हा नियम बळकट माणसांसाठी, स्निग्ध खाणाऱ्यांसाठी आणि तोही थंडीत व वसंतात. एरवी त्याहूनही कमी. म्हणजे कुणी, काय खाऊन आणि कुठल्या ऋतूत, हे ठरल्याशिवाय किती हे ठरतच नाही. आणि अर्धी शक्ती ओळखायची कशी? सुश्रुताने खूण दिली आहे: श्वास तोंडावाटे येऊ लागला की समजावं. माप प्रत्येकाच्या अंगात आहे, शेजाऱ्याच्या घड्याळात नाही. वाग्भट पुढे बजावतो, की व्यायाम, जागरण, चालणं, हसणं-बोलणं यांचंसुद्धा अति साहस करणारा माणूस हत्तीला ओढत नेणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो. या सिंहाने हत्ती मारलेला असतो, हे लक्षात घ्या. तो हरलेला नाही. तो जिंकल्यानंतर मरतो.

प्रशिक्षणांमध्ये फळ्यावर एक घुमटासारखी रेघ काढतात: ताण वाढला की काम सुधारतं, आणखी वाढला की ढासळतं. ती 1908 सालच्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या प्रयोगापर्यंत मागे नेतात, पण तो प्रयोग उंदरांवर झाला होता आणि ताण म्हणजे विजेचे झटके होते, हे सहसा कुणी सांगत नाही. त्यातली मोलाची गोष्ट तर हमखास वगळतात. काम सोपं असेल तर जोराच्या झटक्याने उंदीर लवकर शिकत. काम जसं अवघड होत गेलं तसा कमी झटका चांगला ठरत गेला. अवघड, नाजूक काम करणाऱ्याला कमी भीती लागते, जास्त नव्हे. आपण मात्र दहावी-बारावीला आणि स्पर्धा परीक्षेला बरोबर उलटं करतो.

आनंदीबाईंच्या जोडीला याच काळातली, याच समाजातली दुसरी बाई ठेवून बघावी असं मला नेहमी वाटतं. रमाबाई रानडे 1862च्या, आनंदीबाई 1865च्या. दोघींची लग्नं बालवयात, वयाने खूप मोठ्या माणसांशी. दोघींचे नवरे बायकोला शिकवायचंच या निश्चयाचे. दोघींना सभोवतालचा विरोध. रमाबाईंच्या घरी सासू, नणंद आणि वडीलधाऱ्या बायकांचा गोतावळा होता आणि शिकणारी सून त्यांना खपत नव्हती. टोमणे, अबोला, मुद्दाम वाढवलेलं काम, इंग्रजी शिकायला लागल्यावर तर विशेषच. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात हे सगळं कडवटपणाशिवाय आलं आहे. दिवसभर खाली हा त्रास सोसायचा आणि रात्री वरच्या खोलीत धडा घ्यायचा. ती वरची खोली हा माझ्या मते या साऱ्या शिक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तिथे चूक झाली तर खुर्ची अंगावर येत नव्हती. दिवसभराचं मोडलेलं तिथे रोज बांधलं जात होतं. याच रमाबाईंनी पुण्यात मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी गव्हर्नरसमोर इंग्रजीत भाषण वाचलं. 1901 साली पती न्यायमूर्ती रानडे गेल्यावर त्या वीस वर्षांहून अधिक काळ जगल्या, पुण्याचं सेवासदन उभं केलं, येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जात राहिल्या. त्रास त्यांनाही कमी नव्हता. पण तो एका बाजूने येत होता आणि दुसरी बाजू मोकळी होती.

आनंदीबाईंना मात्र घरातच दुसरी बाजू नव्हती. शिकवणारा आणि मारणारा माणूस एकच. बदल्यांच्या गावांत, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कलकत्ता, बंगालमधलं श्रीरामपूर, कुठेच फार काळ पाय रुजले नाहीत. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. प्रकृती अमेरिकेला निघण्याआधीच खालावलेली होती, डोकेदुखी, ताप, अशक्तपणा. पण इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट म्हटली पाहिजे. 1883 साली श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण अमेरिकेला का जातो हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि एप्रिलमध्ये नवऱ्याशिवाय बोटीवर चढल्या. इथून पुढचा त्रास त्यांनी निवडलेला होता. न्यू जर्सीत रोझेलच्या कार्पेंटरबाईंचं मायेचं घर मिळालं, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचल बॉडली यांचा आधार मिळाला. थंडी, न मानवणारं जेवण, आजारपण हे सगळं सोसून 11 मार्च 1886 रोजी त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर नेमणूक झाली. ते काम त्या करू शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बाविसावा वाढदिवस महिन्यावर आलेला असताना, पुण्यात क्षयाने गेल्या.

त्यांना क्षय गोपाळरावांनी दिला नाही, आणि तेव्हा या रोगावर औषध कुणाकडेच नव्हतं. तेव्हा या मृत्यूचा धडा करून कुणाच्या गळ्यात बांधायचा माझा विचार नाही. पण निवडलेला त्रासही माणसाला संपवू शकतो, एवढं त्यातून दिसतं. ‘तू स्वतःच तर हे ठरवलंस’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांना ते सांगावंसं वाटतं. आणि त्यांची गोष्ट आपण ज्या तऱ्हेने सांगतो तीत एक खोट आहे. सोसलं म्हणून मोठ्या झाल्या असं आपण सांगतो. मोठ्या त्या सोसूनही झाल्या. ते सोसणं नसतं तर किती काळ आणि किती रोगी बायकांना त्यांचा हात लागला असता, हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण न झालेल्या गोष्टीचा पुतळा उभारता येत नाही.

त्याच फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, 1960च्या दशकात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. कुत्र्यांच्या दोन गटांना सारखेच झटके. एकाला तो झटका स्वतः थांबवता येत होता, दुसऱ्याला नाही. पुढे सुटकेचा सोपा मार्ग दिल्यावर पहिला उडी मारून गेला. दुसऱ्या गटातले बरेचसे कुत्रे तिथेच पडून राहिले. वेदना समान होती. फरक एवढाच, की एकाला थांबवण्याची कळ होती. प्रयोग क्रूर होता आणि आज कुणी तो करू नये. पण त्याचं उत्तर विसरण्यासारखं नाही.

हे मनात ठेवून दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून निघणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकांकडे बघावं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत थांबणं हातात नाही. पहाटेच्या गारठ्यात फडात उतरायचं, दिवसभर तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, पाचटाच्या कोपीत झोपायचं. बर्फाच्या पाण्यात बसणाऱ्याला जे कमवायचं असतं, पहाट, थंडी, कष्ट, भूक मारणं, ते सगळं इथे फुकट आहे. आणि यातून वाढतं काय? कमरेचं दुखणं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रमाण इतकं गाजलं, की 2019 साली राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. कष्टच जर माणसाला घडवत असते तर महाराष्ट्रातलं सगळ्यात घडलेलं माणूस फडात सापडलं असतं. तिथल्या बायका कणखर नाहीत असं नव्हे. पण त्यांचा कणखरपणा सगळा दिवस ढकलण्यात खर्च होतो, त्यातून शिल्लक काही उरत नाही. त्रासाचं भांडवल व्हायला आधी गाठीशी थोडं काही असावं लागतं.

एवढं वाचून सुखावलेल्या वाचकाशी आता थोडं भांडायला हवं. माझ्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाला ‘समतोल’ फार सोयीचा पडतो. अवघड पुस्तक अर्ध्यावर ठेवलं, नवी भाषा चौथ्या धड्यावर सोडली, पेटी शिकायची राहिली, की आपण म्हणतो, सगळ्याचं संतुलन साधायला हवं ना! वाग्भटाची अर्धी शक्ती म्हणजे ही नव्हे. त्याच्या अर्ध्या शक्तीला श्वास तोंडाशी यावा लागतो. आपला श्वास नाकातच असतो आणि आपण उठून चहा टाकतो. समतोल म्हणजे आराम आणि कष्ट यांच्या मधोमध एक खुर्ची टाकून बसणं, ही समजूतच चुकीची. ती एक ये-जा आहे: पूर्ण दमेपर्यंत जायचं, पूर्ण सावरेपर्यंत परत यायचं. सतत थोडंसं दमलेला आणि कधीच पुरता न विसावलेला माणूस, म्हणजे आजचा बहुतेक नोकरदार, या दोन्हीतलं काहीच करत नसतो. रात्री अकराला ऑफिसचे मेसेज वाचत पडणं हा कष्टही नाही आणि विश्रांतीही नाही.

पुण्यातल्या सदाशिव पेठेच्या अभ्यासिकांमध्ये ही गल्लत फार जवळून दिसते. गावाकडून आलेली मुलं दिवसाचे बारा-बारा तास खुर्चीवर असतात, मेसचं जेवण, कॉटपुरती जागा, घरी सांगायला एकच वाक्य, ‘अभ्यास चालू आहे.’ यातले तास बरेचदा वाचलेलंच पुन्हा वाचण्याचे असतात, कारण न आलेल्याला सामोरं जाण्यापेक्षा खुर्चीवर बसून कंबर दुखवून घेणं सोपं असतं. हे मला थोडं कठोर वाटत असूनही लिहितो. दिसणारा त्रास न दिसणाऱ्या त्रासापासून वाचवतो. आणि खरा न दिसणारा त्रास म्हणजे कधीतरी घरी फोन करून ‘आता हे बास, मी दुसरं काही करतो’ म्हणणं. त्यासाठी वडिलांशी बोलावं लागतं.

मला वाटतं, आपल्या समाजात अवघड गोष्टींची उतरंड इथे उलटी लागली आहे. ज्या त्रासाला टाळ्या मिळतात, मॅरेथॉन, उपास, पहाटेचं उठणं, तो आपण आनंदाने घेतो. ज्याने आपली माणसं दुखावतील तो टाळतो. यातून न्यायमूर्ती रानडेही सुटले नाहीत. विधवाविवाहाच्या चळवळीतला हा अग्रणी. 1873 साली पहिली पत्नी गेली तेव्हा विधवेशी लग्न करायची वेळ आली, आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे रमाबाई. त्यांनी तिला जी वरची खोली दिली तिचं मोल मी कमी करत नाही. पण वीस वर्षांनी, 1893 साली, धोंडो केशव कर्व्यांनी तेच वळण दुसऱ्या बाजूने घेतलं. त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरुडच्या त्यांच्या जातभाईंनी बहिष्काराचा ठराव केला. आपल्याच गावात आणि आईच्या घरी परका होण्याचा हा त्रास होता आणि त्याला टाळ्या नव्हत्या.

कर्व्यांचं पुढचं पाऊल मला जास्त विचार करायला लावतं. हे एक लग्न करून ते विधवाविवाहाच्या प्रचारात स्वतःला जाळून घेत बसले नाहीत. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, 1900 साली तो हिंगण्याला नेला, आणि तिथे पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, फक्त शिकवायचं, असं ठरवलं. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून पायी हिंगण्याला जायचं, वर्गण्या गोळा करायच्या, असं कित्येक वर्षं चाललं. सुधारकांना हा कच्चेपणा वाटला. सुरुवातीला आश्रमात उच्चवर्णीय विधवाच घेतल्या जात, तो हिशेब तर आजही खटकतो. तो पेलण्याजोगा भार मोजून घेणं होतं की सोयीने टाळणं, यावर दोन्हीकडून बोलता येईल. पुनर्विवाहाबद्दलचं मौन मी त्यांच्या बाजूने मोजतो, कारण मुलगी पाठवायला तयार झालेल्या बापाला त्या एका शब्दाने परत पाठवलं असतं. जातीबद्दलचं मौन मी मोजत नाही. तिथे त्यांचा श्वास अजून तोंडाशी आला नव्हता.